कोकणच्या दमट हवेत मॉडेल रेल्वेवरचा बर्फ टिकवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

रत्नागिरीतल्या आमच्या घरी मी एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ या प्रमाणात, कालका–सिमला मार्गाच्या वरच्या टोकाचा देखावा उभारत आहे. तारादेवीपासून जतोग आणि समरहिलमार्गे सिमल्यापर्यंतचा हा भाग जानेवारीतल्या हिमवृष्टीनंतर जसा दिसतो, तसा मला दाखवायचा आहे. १९०३ साली सुरू झालेल्या या मार्गाचे रूळ एकमेकांपासून ७६२ मिलिमीटरवर आहेत. ८७ ने भागले की हे अंतर पावणेनऊ मिलिमीटरच्या जवळ येते, आणि ९ मिलिमीटर रुंदीचे रूळ तयार मिळतात. डोंगर, देवदार, स्थानकाची उतरती छपरे हे सारे मनासारखे झाले आहे. काम अडले आहे ते बर्फापाशी.

याविषयी जे मार्गदर्शन वाचायला मिळते, ते बहुतेक थंड आणि कोरड्या हवेच्या देशांतल्या छंदिष्टांनी लिहिलेले आहे. खाण्याचा सोडा चाळून टाका, हा त्यातला सर्वांत सोपा सल्ला. सोडा दिसतो उत्तम, परंतु जांभ्याच्या भिंतींच्या खोलीत ठेवलेल्या नमुन्यावर आषाढातच गुठळ्या धरल्या आणि पुढे त्याला पिवळसर झाक आली. शिवाय ओलाव्यात तो अल्कधर्मी असल्याने रुळांच्या आणि तारांच्या जोडांजवळ तो मला नकोच आहे. बारीक मिठाचा विचार करण्यातही अर्थ नाही, कारण हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळू लागते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ती कित्येक दिवस त्याहून खाली उतरत नाही. कापसाचे तंतू जवळून लगेच ओळखू येतात.

सध्या मला सर्वांत आशादायक वाटते ती दगडाची पांढरी रांगोळी. ती हवेतले पाणी शोषून विरघळत नाही, तिला बुरशीला पोसणारे काही नसते आणि ती कोणत्याही बाजारात मिळते. (पिठाची रांगोळी अर्थातच चालणार नाही.) मात्र तिचा कण फार जाड असतो. पाव मिलिमीटरचा कण या प्रमाणात जवळजवळ २२ मिलिमीटरचा होतो, म्हणजे तो हिमकण न वाटता खडीचा तुकडा वाटतो. वस्त्रगाळ केल्यावर पृष्ठभाग पुष्कळ मऊ दिसू लागला, पण त्यात बर्फाची चमक नाही. तो चुन्यासारखा मंद दिसतो. फायबरच्या होड्यांच्या कामात रेझिनमध्ये मिसळतात तशा काचेच्या सूक्ष्म पोकळ गोळ्या वरच्या थरात थोड्या घातल्या तर ही उणीव भरून निघेल का? ही पूड श्वासावाटे आत जाऊ नये म्हणून मास्क लावावा लागेल, याची मला कल्पना आहे. प्रमाण किती ठेवावे, हे कोणी करून पाहिले असल्यास सांगावे.

दुसरा प्रश्न गोंदाचा आहे आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. सुतारकामाचा पांढरा गोंद पाण्यात पातळ करून फवारावा, असे सगळीकडे लिहिलेले असते. हा गोंद सुकल्यावरही ओलाव्याने पुन्हा मऊ पडू शकतो, आणि मऊ पडलेल्या पृष्ठभागावर धूळ कायमची बसते. त्याऐवजी चमक नसलेले अॅक्रिलिक माध्यम (म्हणजे रंग न घातलेला अॅक्रिलिक द्रव) वापरल्यास चार महिन्यांच्या पावसाळ्यात पांढरेपणा टिकतो का? माझे डोंगर थर्मोकोलवर प्लास्टरचा थर देऊन केलेले असल्याने थिनर असलेला कोणताही लेप मला चालणार नाही.

रंगाबाबतही सल्ला हवा आहे. बर्फ तांबडा प्रकाश थोडा अधिक शोषतो, म्हणून खोल भेगांत निळसर छटा दिसते, आणि सावलीत आकाशाचा निळा रंग उतरतो. त्यामुळे खालचा थर निळसर पांढरा आणि वरचा शुभ्र ठेवावा, असे मी ठरवले आहे. भिंतींना सफेदी करताना चुन्यात नीळ घालतात, तशी नीळ येथे टिकेल, की अॅक्रिलिकचा अल्ट्रामरीन (गडद निळा) रंगच घ्यावा? देवदाराच्या आडव्या फांद्यांवर बर्फ फक्त वरच्या बाजूला साचतो आणि झाडाच्या बुंध्याभोवती तो कमी असतो. हे दाखवण्यासाठी पूड वरून चाळावी की प्रत्येक फांदीला कुंचल्याने गोंद लावावा, हे अजून ठरलेले नाही.

शेवटी चालत्या गाडीचा विचार. रूळ निकेल-सिल्व्हरचे आहेत. रांगोळीचा एखादा कण सांध्याच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेच्या) पात्यात किंवा इंजिनाच्या दातेरी चाकांत गेला तर झीज होणार. मी रुळांवर मास्किंग टेप लावून काम करणार आहे. पण सांध्यांजवळ सुट्या पुडीऐवजी रंगवलेल्या प्लास्टरचाच बर्फ करावा, असे मला वाटते. तो शेजारच्या पुडीच्या बर्फापासून वेगळा दिसू नये म्हणून काय करावे?

मालवण, अलिबाग, गोवा किंवा किनाऱ्यालगतच्या कोणत्याही गावात ज्यांचा असा देखावा किमान एक पावसाळा पार करून गेला आहे, त्यांनी कोणती पूड, कोणता गोंद आणि काचेचे आवरण होते की नव्हते, एवढे तरी अवश्य लिहावे. सिमल्याच्या अंगाचा डोंगर मी अजून कोराच ठेवला आहे; आपली उत्तरे आल्यावर प्रथम प्लायच्या तुकड्यावर त्याच क्रमाने नमुना करून त्याची छायाचित्रे येथे देईन.