अल्टरनेटर जळत नाही, पण बॅटरीचा ट्रे मोजा

गाडीत मूळच्यापेक्षा मोठी बॅटरी बसवली तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) जळतो असं काही जण म्हणतात, ते काही पटत नाही. बॅटरी मोठी असो की लहान, अल्टरनेटर व्होल्टेज १४ च्या आसपास धरून ठेवतो. ३५ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) जागी ४५ चालते, फक्त पार उतरली तर भरायला वेळ जास्त. खरी अडचण बॅटरी बसते त्या ट्रेमधल्या जागेची. म्हापशात मी घाईत ४५ ची घेतली, घरी येऊन बघतो तर प्लस-मायनस उलट्या बाजूला! लाल केबल दोन बोटं कमी पडली. मॉडेल नंबरात एल आहे की आर, म्हणजे टर्मिनल (केबल जोडायची टोकं) कोणत्या बाजूला आहेत, ते आधी बघा. उंचीही मोजा, टर्मिनल बॉनेटला टेकलं तर संपलंच.

आणि गाडी रोज दोन किलोमीटरच फिरत असेल, तर मोठी घेऊनही ती अर्धवटच भरणार. आपल्याकडे पावसाळ्यात टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड धरते, तिला गरम पाणी आणि वरून व्हॅसलीन.