मदत हवी आहे: रात्रीचं न शिजवलेलं जेवण, पावसाळ्यातले मोड आणि सासूबाईंचं पोट

नमस्कार मंडळी. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. घरात आम्ही दोघं, नववीतली लेक आणि सासूबाई. चैत्रापासून आमचं रात्रीचं जेवण गॅस न पेटवता होतंय. दुपारी भाकरी, आमटी, भात सगळं असतं, ते बदलायचं नाही. पण रात्री असं खाल्लं की सकाळी अंग हलकं वाटतं, हे आम्हा दोघांनाही जाणवतंय. त्यामुळे हे सोडायचं मनात नाही, नीट करायचंय.

सुरुवात आंब्याच्या डाळीपासून झाली. भिजवलेली हरभरा डाळ, कैरी, मिरची वाटायची आणि वर गार केलेली फोडणी. चैत्रातल्या हळदीकुंकवाला ती आपण वाटीभर खातो, कच्ची आहे हे मनातही येत नाही. मग खमंग काकडी, दाण्याचं कूट घालून गाजराची कोशिंबीर, कोबीची पचडी, सोलकढी असं वाढत गेलं. मंडईत मिळणारी कोवळी काकडी आणि मुळा असला की ताट भरतं.

आता अडचणी. पहिली मोडांची. मूग-मटकी भिजवून फडक्यात बांधते. थंडीत सुरेख मोड येतात, पण आता पावसाळी दमट हवेत फडकं सोडलं की कधीकधी हाताला बुळबुळीत लागतात, आंबूस वास येतो. ते मी सरळ टाकून देते. प्रश्न असा की, ज्यांना वास येत नाही ते कच्चे खायला चांगलेच असतात का? आमच्या सोसायटीत बरेचदा टँकरचं पाणी येतं. उसळच करायची असती तर इतका विचार केला नसता. एका मैत्रिणीने राजमा आणि ज्वारीलाही मोड आणून कोशिंबिरीत घालायला सांगितलंय. कोणी खाऊन पाहिलंय का?

दुसरी अडचण वाळवणाची. जवस भिजवला की चिकट होतो, त्यात टोमॅटो, तीळ, मिरची घालून पातळ चकत्या थापते. मे महिन्यात गच्चीवर सांडग्यांशेजारी त्या खणखणीत वाळायच्या. आता ऊन नाही. न शिजवता खाण्याच्या या पद्धतीत अन्न ४२, फार तर ४८ अंशांपुढे तापवू नये म्हणतात, आणि आमचा ओव्हन ६० च्या खाली उतरत नाही.

तिसरी आणि मला सगळ्यात महत्त्वाची. सासूबाई ७६ वर्षांच्या, कवळी आहे, थायरॉइडची गोळी चालू. त्यांना ताट वेगळं वाढलेलं आवडत नाही, "तुम्ही खाता तेच मला दे" म्हणतात. कोबी त्यांना चालेल का? लेकीच्या वाढीच्या वयात काही कमी पडेल का?

प्रतिसाद:
ताई, मी आहारशास्त्र शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते. राजमा कच्चा अजिबात नको, मोड आणूनही नको. त्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनामुळे थोड्या दाण्यांनीही उलट्या-जुलाब होतात. तो भिजवून, पाणी टाकून, खळखळ उकळूनच खायचा. ज्वारीच्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. गुरांना कोवळी ज्वारी बाधते ती त्यामुळेच. तेव्हा तेही नको.

मुगा-मटकीचं म्हणाल तर वासावर विसंबू नका. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय या जंतूची मोठी साथ पसरली आणि पन्नासहून जास्त माणसं दगावली. उकळून गार केलेलं पाणी वापरा, दिवसातून दोनतीनदा धुवा, मोड दिसताच फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवा. यानेही धोका शून्य होत नाही, कारण जंतू बियांवरच असू शकतात. म्हणून सासूबाईंचे मोड पूर्ण वाफ येईपर्यंत वाफवा. वाफवलेल्यावर तेच लिंबू, तेच खोबरं घातलं की ताट वेगळं दिसणार नाही.

थायरॉइडला पचडीभर कोबीने सहसा काही बिघडत नाही. रोज भरपूर कच्चा कोबी मात्र नको, आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. लेकीसाठी दूध-दही चालू ठेवा. ब-१२ जीवनसत्त्व भाज्यांतून मिळत नाही. मोडांवर लिंबू पिळलं की त्यांतलं लोह जास्त शोषलं जातं. गाजर-टोमॅटोतले रंगद्रव्यांचे गुण मात्र शिजवल्यावर आणि तेलासोबत जास्त अंगी लागतात, म्हणून दुपारी ते शिजवलेलेच घ्या.

प्रतिसाद:
वाळवणाबद्दल: ६० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून वाळवा. ४२-४८ ची मर्यादा अन्नातली एन्झाइम (पचनासारख्या क्रिया घडवणारी प्रथिनं) टिकावीत म्हणून पाळतात, पण वनस्पतींची बहुतेक एन्झाइम पोटातल्या आम्लात मोडतात आणि पचनाची आपली आपण तयार करतो. पावसात ओली चकती कोमट हवेत रात्रभर ठेवणं जास्त धोक्याचं.
शिवाय, उरळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम १९४६ साली सुरू करणाऱ्या गांधीजींनीही १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता, त्यात मोड आलेले गहू-हरभरे होते. प्रकृती बिघडल्यावर त्यांनी तो थांबवला. सासूबाईंच्या बाबतीत जपून.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. ज्वारीचं वाचून मैत्रिणीला लगेच फोन केला, तिच्या घरी लहान मूल आहे. मोड आजपासून वाफवूनच, आणि सगळ्यांसाठीच. आता एक विचारायचं राहिलं: आंब्याची डाळ सासूबाईंना फार आवडते, पण नंतर पोट फुगतं. हरभऱ्याऐवजी मुगाची डाळ घेतली तर ती चव येते का? कोणी केली असेल तर कैरीचं प्रमाण सांगा.