आखूड नळीचं, मोठ्या बोअरचं रिव्हॉल्वर : जंगलाच्या धुऱ्यावर खरंच कामाचं आहे का?

धुऱ्यावरचा माणूस, उमरेड

राजे हो, लय दिवसांपासून डोक्यात आहे ते आज लिहून टाकतो. मागच्या डिसेंबरात पोरीकडे अमेरिकेत गेलो होतो, तिथं जावयानं एका शूटिंग रेंजवर नेलं. पैसे भरायचे, कानाले मोठे मफ, डोळ्याले चष्मा, अन् बाजूले त्याईचा माणूस उभा, तो सांगीन तवाच हात लावायचा. तिथं मी रुगर कंपनीचं सुपर रेडहॉक अलास्कन उडवलं. .४४ मॅग्नम, म्हणजे मोठ्या बोअरचं (नळीचं भोक रुंद, गोळी जाड) जोरदार काडतूस, चकरीत अशी सहा, अन् नळी फक्त अडीच इंच. वजन मात्र सव्वा किलोच्या घरात, उचललं तं वाटलं पाट्यावरचा वरवंटाच हातात आला. पहिली गोळी सुटली तं कोनी तळहातावर कुऱ्हाडीचा तुंबा हाणल्यावानी झालं, समोर फुटबॉलएवढा जाळ, अन् आवाज कानाच्या आधी छातीत बसला. सहा गोळ्यांत अंगठ्याच्या बेचक्यातलं कातडं निघालं. पण खरं सांगतो, एवढी भरोशाची वस्तू मी आयुष्यात हातात धरली नव्हती.

आता मुद्द्याचं. हे हत्यार २००५ मधी काढलं ते अलास्कातल्या लोकाईसाठी, नदीत मासे धरतात, लाकडं तोडतात, अन् झुडपातून अचानक अस्वल निघते. अस्वलाले रायफल चांगली हे त्याईलेही माहीत आहे, पण दोन्ही हात कामात असले का रायफल झाडाले टेकवलेली राहते अन् छातीवरच्या पट्ट्यातलं रिव्हॉल्वर अंगावरच राहते. आता आपल्याकडं पाहा. मोहफुलं वेचणारी बाई वाकलेली, दोन्ही हात भुईवर. तेंदूपत्ता तोडणारा तसाच. जागलीले जाणाऱ्याच्या एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात काठी. ज्याच्या घरी पीक संरक्षणाची बंदूक आहे त्याची बंदूक मचाणीवर अन् माणूस धुऱ्यावर. दहा पावलांवरची दुनळी काय कामाची? माझं म्हणनं, जंगलाले लागून ज्याचं वावर आहे त्याले सरकारनं पक्कं ट्रेनिंग देऊन असं हत्यार बाळगू द्यावं. अलास्कातल्या अस्वलांच्या घटनांवर २०१२ मधी एक अभ्यास छापून आला होता, त्यात हँडगन (पिस्तूल-रिव्हॉल्वर) चालवलेल्या ८४ टक्के घटनांत अस्वल थांबलं, लांब बंदुकीच्या ७६ टक्के. मंग लहान नळी म्हणजे खेळणं, असं काऊन म्हनतात लोकं?

माजी सैनिक, वणी

काका, रागावू नका, पण हातचं कातडं निघालं तिथंच तुमच्या प्रश्नाचं उत्तर होतं.

.४४ मॅग्नम १९५५ च्या सुमारास आलं ते साडेसहा इंच नळीच्या मोठ्या रिव्हॉल्वरसाठी. बारूद जळायला नळीची लांबी लागते. अडीच इंचात ती पूर्ण जळत नाही, उरलेली नळीच्या बाहेर जळते, तोच तुमचा फुटबॉलएवढा जाळ. म्हणजे गोळीचा वेग सेकंदाला शे-दोनशे फुटांनी उतरला, अन् धक्का, आवाज, जाळ हे सगळं तुमच्या वाट्याला पूर्ण आलं. दिवसा रेंजवर ठीक आहे हो. जागलीच्या अंधारात तो जाळ डोळ्यापुढे झाला की काही सेकंद तुम्हाला डुक्कर पण दिसत नाही अन् धुरा पण दिसत नाही. अन् वावरात कानाला मफ लावून कोण बसते? १४० डेसिबलच्या वर एकच धमाका कानाचं कायमचं नुकसान करू शकते, हे त्याच्या बरंच वर जाते.

नेमाचं तर बोलूच नका. मागची खाच अन् पुढची माशी जेवढी जवळजवळ तेवढी हाताची बारीक चूक पुढे जाऊन मोठी होते. मी फौजेत सतरा वर्षं काढली, रोज हत्यार हाताळणाऱ्या पोरांचे सुद्धा घाईतले निशाणे कसे जातात ते डोळ्यानं पाहिलं आहे. रानडुक्कर ताशी चाळीस किलोमीटरनं आलं तर पंधरा मीटर दीड सेकंदाच्या आत कापते. त्यात पट्टा उघडायचा, दोन्ही हातात धरायचं, जड चाप ओढायचा. दुसरी गोळी विसरा.

अन् तो अभ्यास तुम्ही अर्धाच सांगितला. त्यात हँडगनच्या घटना चाळीसच्या आतच आहेत, अन् त्यातच लिहिलं आहे की जवळच्या गाठीत बंदूक चालवणारा अन् न चालवणारा, दोघांचं जखमी व्हायचं प्रमाण सारखंच. २००८ मधी मिरचीच्या फवाऱ्यावरचा अभ्यास आला, त्यात ब्राऊन अस्वल ९२ टक्के वेळा थांबलं होतं.

बुलडॉगप्रेमी, अकोला

दादा तुम्ही सगळं पंधरा मीटरवरून मोजून राहिले, अन् काकांचा प्रश्न हातभर अंतराचा आहे. जनावर अंगावर पडल्यावर दुनळी फिरवायला जागाच नसते, नळीच त्याच्या मागे जाते. तिथं अडीच इंचच पाहिजे. अजून एक गोष्ट, पिस्तूल अंगाला दाबल्या गेलं तर वरची स्लाइड मागे सरकून ते चालतच नाही, रिव्हॉल्वर दाबलेलं असलं तरी चालते. अन् वेग कमी झाला म्हणता, तर .४४ ची नेहमीची गोळी साडेपंधरा ग्रॅमची, आपल्या इथल्या लायसनवाल्या .३२ रिव्हॉल्वरची सहा-साडेसहा ग्रॅमची. हातभरावर त्या वजनाचाच हिशोब होते.

ही आवड काही आजची नाही. इंग्लंडच्या वेब्लीनं १८७२ मधी ब्रिटिश बुलडॉग काढलं, अडीच इंच नळी, .४४-.४५ च्या घरातली गोळी, कोटाच्या खिशात मावेल असं. तवापासून दीडशे वर्षं लोकं एकच मागून राहिले, खिशात मावावं पण गोळी मोठी असावी. २००३ मधी स्मिथ अँड वेसननं .५०० मॅग्नम आणलं, मंग त्याचीही पावणेतीन इंच नळी काढली, साडेबारा मिलिमीटरपेक्षा जाड गोळी! एवढी पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली मागणी नुसत्या शोकीची नसते. माणसाला जवळच्या धोक्याची भीती सगळ्यात जास्त वाटते अन् ते खरंच आहे.

गुरुजी, दारव्हा

बुलडॉगचं नाव काढलं म्हणून सांगतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर २ जुलै १८८१ ला याच जातीच्या .४४ रिव्हॉल्वरनं अगदी जवळून गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली, एक पाठीत राहिली. ते गेले १९ सप्टेंबरला, अडीच महिन्यांनी, अन् तेही बरंचसं डॉक्टरांच्या न धुतलेल्या हातांमुळे जखम सडून. पाठ वळलेल्या माणसावर हातभरावरून मोठ्या गोळीचं हे झालं. तुम्ही तर चरबी अन् चिखलाचा थर असलेल्या धावत्या डुकराची गोष्ट करून राहिले. गोळी जाड असल्यानं जनावर जागच्या जागी थांबते हे गृहीत धरू नका, ती कुठं लागली यावर सगळं आहे.

जिनिंगवाला, हिंगणघाट

माझ्याकडे बारा वर्षांपासून लायसन आहे, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्वर. सीझनमधी कापसाची रोकड घेऊन फिरा लागायचं म्हणून काढलं होतं. दोन्ही बाजूनं बोलतो.

भुरळ खरी आहे. रात्री दोन वाजता जिनिंगवरून निघालो अन् कमरेला ते असलं का माणूस ताठ चालते, हे मी नाकारत नाही. पण काका, तुम्ही म्हणता ते इथं भेटणारच नाही. १९८० च्या दशकापासून बाहेरचं हत्यार साध्या माणसाला मागवता येत नाही, जे जुनं देशात आहे तेच फिरते अन् त्याचे भाव लाखांत. साध्या लायसनवर बहुतेकांजवळ .३२, नाहीतर बारा बोअरची छऱ्याची बंदूक. ९ एमएम, .३०३ तर बंदीतलेच. २०१९ नंतर एका माणसाला दोनच हत्यारं. कानपूरवाल्यांनी २०१४ मधी निर्भीक नावाचं हलकं रिव्हॉल्वर काढलं, अर्ध्या किलोचं, पण तेही .३२ च.

अन् बाळगायचा त्रास कोणी सांगत नाही तो मी सांगतो. प्रत्येक निवडणुकीच्या आधी ठाण्यात जमा करा, पावती सांभाळा, परत आणा. पावसाळ्यात चामड्याच्या पाकिटात ठेवलं तर आठ दिवसात चकरीवर तांबूस फुलं येतात, म्हणून तेलाच्या फडक्यात ठेवतो. नातवंडं घरी आली का कपाटाची चावी माझ्या जानव्याला. बारा वर्षांत त्यातून एकही गोळी मी कोणावर झाडली नाही, अन् त्याच बारा वर्षांत त्याच्या काळजीनं किती रात्री उठून कपाट पाहिलं त्याचा हिशोब नाही. मातीच्या घरात, कुडाच्या दाराआड सव्वा किलोचं मॅग्नम कुठं ठेवणार तुम्ही?

मोहफूल, सिंदेवाही

मी हा विषय वाचून गप बसणार होती, पण मोहफुलं वेचणाऱ्या बाईचं नाव काढलं म्हणून लिहितो जी.

गेल्या चैत्रात आमी पाच जणी पहाटेच मोहाखाली होतो. झाडाखालचा पाला आदल्या दिवशी जाळून जागा साफ केलेली, फुलं भुईवर पांढरी दिसतात, वाकून टोपलीत भरायची. वाघ समोरून येत नाही. माझ्या चुलत सासूच्या मागं सात-आठ हातांवर कुड्याच्या झुडपाआड दबून बसला होता, आमच्यातली एक कंबर मोकळी कराले उभी झाली अन् पदर झटकत होती, म्हणून तिला कान दिसले. दोन कान, अन् ते हालत नव्हते. ती ओरडली नाही, नुसतं "उभ्या राहा" म्हणाली. आमी पाची जणी उभ्या झालो, टोपल्या थापटल्या, अन् पाठ न दाखवता मागं मागं सरकत रोडावर आलो. तो उठून निघून गेला.

आता सांगा, छातीवरचं रिव्हॉल्वर कोनाले दिसलं असतं? जिच्या मागं वाघ होता तिले माहीतच नव्हतं. आमचा जीव वाचला तो एक बाई उभी होती म्हणून. अन् लायसन निघालं तं कोनाच्या नावानं निघेल? वावर नवऱ्याच्या नावावर, लायसनही त्याच्याच नावावर, अन् मोहाखाली आमी. तरी तुमाले द्यायचंच असेल तं आधी एक करा, सव्वा किलोचं ओझं छातीवर बांधून तीन तास वाकून फुलं वेचा. मंग बोलू.

बुलडॉगप्रेमी, अकोला

ताई, तुमचं पटलं. पण सगळे वाघ दिसत नाहीत, अन् एकटा माणूस असला तर उभं राहणारं दुसरं कोणी नसते. त्या एकट्याचा तरी विचार करा.

पीआरटी गडी, ताडोबा बफर

मी गावच्या प्राथमिक प्रतिसाद दलात आहो. वाघ गावाजवळ आला का आमालेच पळा लागते, हातात काठी अन् टॉर्च.

कायद्याचं आधी सांगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कलम ११ मधी जीव वाचवाले चांगल्या हेतूनं जनावर मारलं तं गुन्हा नाही असं आहेच, म्हणजे काकांची गोष्ट अगदीच बेकायदा नाही. पण मेलेल्यापेक्षा जखमी जनावर जड जाते. डुक्कर पोटात गोळी घेऊन उसात नाहीतर धानाच्या बांदीत शिरलं, तं दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पाहाले जाणारा जो कोनी असेल त्याले ते भेटते. गोळी मारणारा घरी झोपलेला असते. वाघाचं तं विचारूच नका. पांढरकवड्याची वाघीण आठवा, रायफली, कॅमेरे, डार्ट, हत्ती, सगळं लावून महिनेच्या महिने गेले, २ नोव्हेंबर २०१८ ले ती मारल्या गेली अन् त्यावरूनही कोर्टकचेऱ्या झाल्या. अन् आपण म्हणतो शेतकऱ्यानं अंधारात अडीच इंच नळीनं निभवावं.

एकट्या माणसाचं म्हणाल तं, एकटं जाऊच नये यासाठीच आमी घसा कोरडा करून राहिलो. वाघ फिरत असला का गावच्या ग्रुपवर आवाज टाकतो, ज्याले जागलीले जायचं त्यानं आमाले फोन करावा, आमी दोघं सोबत येतो. हे खरंच करतो, बोलाले नाही.

माजी सैनिक, वणी

पीआरटी भाऊ, तुम्हाला सलाम. काका, एक गोष्ट मी पण कबूल करतो. अंगावर असलेलं हत्यारच खरं हत्यार, ही तुमची गोष्ट फौजेत पण पहिल्या दिवशी शिकवतात. माझं भांडण नळीशी अन् बोअरशी आहे, तुमच्या भीतीशी नाही. माझं पण वावर जंगलाला लागून आहे, अन् तुरीत सळसळ झाली की माझा पण हात कमरेला जाते, तिथं आता काहीच नसते तरी.

धुऱ्यावरचा माणूस, उमरेड

सगळ्याईचं वाचलं, दोन-दोनदा वाचलं. मॅग्नमचा जाळ रात्री आंधळं करते हे मी रेंजच्या लाइटात पाह्यलंच नव्हतं. जिनिंगवाले भाऊ, भेटणार नाही हे मलेही माहीत आहे, मी काय असायले पाह्यजे ते बोलत होतो. पक्क्या मचाणीवर, दोघं जण असताना, ट्रेनिंग घेतलेल्याजवळ मोठ्या बोअरचं लहान हत्यार असावं हे माझं मत मी अजून सोडलं नाही, त्यावर पुढंही बोलीन.

पण सिंदेवाहीच्या ताई, तुमची गोष्ट मनाले लागली म्हणून काल करून पाह्यलं. काट्यावरचं किलोचं वजन अन् दोनशेचं वजन, दोन्ही दुपट्ट्यात गुंडाळून छातीवर आवळून बांधलं अन् पऱ्हाटीत निंदाले बसलो. पहिल्या तासाले काही वाटलं नाही. दुसऱ्या तासाले वाकलो का गाठ खाली सरकून हनुवटीले लागे, मान भरून आली, अन् विळ्याचा हात त्यालेच अडे. तिसऱ्या ओळीले मी ते सोडून धुऱ्यावर ठेवलं अन् काम करत राह्यलो. जेवाले उठलो तवा मोजलं, बावीस पावलं होतं.