मदत हवी आहे: वाईजवळ लग्न, नोंदणी कुठे करावी?
लग्न २७ डिसेंबर २०२६, वाईजवळच्या गावात मळ्यावर, साठ माणसं. (धनुर्मास आहे, ठाऊक आहे, गुरुजींनी काढीव मुहूर्त दिलाय.) आम्ही दोघं आयर्लंडला असतो, ८ जानेवारीला परत. विशेष विवाह कायदा बाद: नोटिशीआधी जिल्ह्यात ३० दिवस राहायचं, नंतर पुन्हा ३० दिवस थांबायचं, एवढी रजा नाही. म्हणून महाराष्ट्राच्या १९९८च्या विवाह नोंदणी कायद्याने नोंदणी. मुदत ९० दिवसांची, आमच्या हातात १२.

तीन साक्षीदार, पत्रिका, दोघांचे वयाचे पुरावे, गुरुजींचं आधार तयार आहे. मुलीच्या आधारवरच्या इंग्रजी नावात एक 'ए' जास्त आहे, दुरुस्ती टाकलीय. लग्नानंतर नाव बदलणार नाही. मुलाचं आधार सातारा शहराच्या पत्त्याचं, मुलीचं सांगलीचं.

व्हिसासाठी विवाहाच्या दाखल्यावर अपोस्टिल (दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं सरकारी प्रमाणन) लागेल. ग्रामपंचायतीचा हाताने लिहिलेला मराठी दाखला त्यासाठी चालतो, की नगरपालिकेचा छापील मराठी-इंग्रजीच घ्यावा? अलीकडे कुणी काढला असेल तर किती दिवसांत हातात आला?