नजीबखान : रोहिला, गिलचा आणि फौजदार

पानिपताविषयीच्या मराठी लेखनात अब्दालीला साथ देणारा पठाण सरदार नजीबखान कधी ‘रोहिला’ असतो, कधी सरसकट ‘गिलच्यां’त मोडतो, तर कधी ‘सहारनपूरचा फौजदार’ असतो. या तिन्ही शब्दांचे अर्थ तपासल्यावाचून त्याची योग्यता नीट उमगत नाही.

‘गिलचा’ हा ‘गिलजई’ या अफगाण टोळीच्या नावावरून मराठीत रुळलेला शब्द आहे. मात्र मराठी कागदपत्रांत अब्दालीच्या साऱ्या फौजेलाच गिलचे म्हटलेले आढळते, आणि गंमत अशी की खुद्द अब्दालीही गिलजई नव्हता, तो सदोजई कुळातला होता. नजीब तर युसुफजई टोळीचा. त्याला गिलचा म्हणणे टोळीच्या दृष्टीने चूकच आहे. ‘रोहिला’ चालेल, परंतु ते टोळीचे नाव नव्हे. ‘रोह’ म्हणजे डोंगर, आणि रोहिला म्हणजे त्या डोंगराळ मुलखातून आलेला. अशा पठाणांनी गंगेपलीकडे ज्या प्रदेशात बस्तान बसवले, तो रोहिलखंड. पुढे निजामाच्या राज्यात हत्यारबंद चाकरी करणाऱ्या पठाणांनाही रोहिलेच म्हणू लागले, त्यामुळे मराठवाड्यातल्या जुन्या बोलण्यातला रोहिला रोहिलखंडातलाच असेल असे गृहीत धरू नये.

खरा घोटाळा ‘फौजदार’ या शब्दाने होतो. आज फौजदार म्हटले की पोलीस ठाण्यातला उपनिरीक्षक डोळ्यांपुढे येतो. मोगली व्यवस्थेत सुभ्याचे भाग ‘सरकार’ या नावाने ओळखले जात आणि अशा मुलखात फौज बाळगून बंडाळी मोडणे, वाटा सुरक्षित राखणे, वसुलीला अडवणाऱ्या जमीनदारांना वठणीवर आणणे, ही कामे फौजदाराकडे असत. बादशाही दुबळी झाल्यावर असा अधिकारी जवळजवळ स्वतंत्र सत्ताधीश बनू शके. 1753 मध्ये बंडावर उठलेल्या वजीर सफदरजंगाविरुद्ध बादशहाच्या बाजूने लढून नजीबने ‘नजीबुद्दौला’ हा किताब मिळवला, सहारनपूरच्या मुलखावर जम बसवला, नजीबाबाद वसवले आणि त्याच्याजवळ पत्थरगड हा किल्ला बांधला. दत्ताजी शिंद्यांना गंगेकाठच्या शुक्रतालला त्याने झुलवत ठेवले, ते याच बळावर. अब्दालीने 1757 मध्ये त्याला मीरबक्षी केले, म्हणजे साम्राज्याच्या लष्करी कारभाराचा प्रमुख. ‘बक्षी’ या शब्दावरून कोणी त्याला खजिनदार समजू नये.

पानिपतानंतर 1770 मध्ये मरेपर्यंत बहुतेक काळ दिल्लीचा कारभार याच माणसाच्या हाती होता. म्हणून आजच्या वाचकासाठी लिहिताना ‘सहारनपूरचा फौजदार’ एवढ्यावर न थांबता पहिल्या उल्लेखात ‘सहारनपूर प्रांताचा लष्करी अधिपती’ असा खुलासा जोडावा, असे माझे मत आहे. ‘सुभेदार’ हा पर्याय मात्र नको. सहारनपूर हा सुभा नव्हता, दिल्ली सुभ्यातले ते एक सरकार होते.