जुनी डिझेल एसयूव्ही: ऑइल कॅपमधून येणारा धूर कितपत चालतो?

सेकंडहँड घ्यायच्या विचारात असलेली गाडी: 2.2 लिटर टर्बो डिझेल, फोर-व्हील ड्राइव्ह, 1,10,000 किमी चाललेली. थंड इंजिन एका सेल्फमध्ये सुरू झालं, सायलेन्सरमधून निळा-पांढरा धूर नाही. कूलंटवर तेलाचा तवंग नाही. कच्च्या रस्त्यावर फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा कमी वेगाचा गिअर) टाकून चालवली, ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) आवाज नाही. चारही टायर सारखेच झिजलेले.

अडलंय एकाच ठिकाणी. इंजिन गरम झाल्यावर ऑइल कॅप भोकावर उलटी ठेवली तर थडथडते आणि खालून लयीत पातळ धूर येतो. डिझेलमध्ये थोडा ब्लो-बाय (पिस्टनच्या कडेने इंजिनच्या खालच्या भागात निसटणारा वायू) असतोच, हे मान्य. पण टर्बोच्या इनटेक पाइपातही तेल ओलसर दिसतंय. विक्रेता इंजिन उघडू देणार नाही, चाचणीला मात्र तयार आहे. पीसीव्ही (हा वायू परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) चोंदलाय की पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, हे ओळखायला कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं) पुरेल की लीक-डाउनच (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती नि कुठून गळते ते पाहणं) करून घ्यावी?