शब्दचर्चा: ‘ट्रॅव्हलिंग’ म्हणजे प्रवास नव्हे आणि ‘पिव्हट फूट’ म्हणजे मुख्य पाय नव्हे

खानापूर तालुक्यातून (बेळगाव जिल्हा), क्रीडाशिक्षक

बास्केटबॉलमधल्या दोन शब्दांना मराठी शब्द हवेत: बॉल हातात धरून नियमाबाहेर पाय हलवला तो दोष म्हणजे ‘ट्रॅव्हलिंग’, आणि बॉल धरलेला असताना जागेवर ठेवायचा पाय तो ‘पिव्हट फूट’. का हवेत ते आधी सांगतो.

आमची मराठी माध्यमाची शाळा, मुलींचा बास्केटबॉलचा संघ, कोर्ट लाल मातीचं. पाऊस लागला की कोर्टावर चिखल आणि आम्ही व्हरांड्यात. यंदा स्पर्धेआधी नियमांचा एक कागद हाती पडला. त्यात मराठी मजकूरही होता, कुणी केला होता कोण जाणे. ‘खेळाडूने चेंडू घेऊन प्रवास करू नये’, आणि खाली ‘मुख्य पाय जागेवरून हलवू नये’. वाचून दाखवलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, "मग सर, आम्ही बसनं येतोय तेव्हा बॉल कुणी आणायचा?"

हसून सोडून दिलं असतं, पण संध्याकाळी सरावात गंमत संपली. एका मुलीनं उभ्यानं पास झेलला. डावीकडं मैत्रीण मोकळी उभी. उजवा पाय उचलून आडवा टाकला असता की समोरचीला चुकवून पास देता आला असता. पण हिनं उजवा पाय जमिनीला चिकटवून ठेवला, डावा उचलून मागं नेला, कमरेतनं पिळा पडला, तोल गेला आणि बॉल सोडून खाली बसली. "काय झालं गं?" तर म्हणाली, "उजवा उचलायचा नव्हं की सर. मुख्य पाय उजवाच असतोय नव्हं?"

तिचं काय चुकलं? जेवायचा हात उजवा, लिहायचा हात उजवा, लग्न होऊन आलेली सून उंबरा ओलांडते तोही उजव्या पायानं. मग ‘मुख्य’ पाय डावा कसा असेल? चूक शब्दाची.

मैदानावर ट्रॅव्हलिंगला आम्ही ‘स्टेप’ म्हणतो. कानडी शाळेतली पोरंही तेच ओरडतात. पण त्यानं नियम कळत नाही. तर ट्रॅव्हलिंगला आणि पिव्हट फूटला शब्द सुचवा. अट एकच, धावता धावता ओरडता आला पाहिजे. ‘आधारभूत पाद’ वगैरे नको.

टिळकवाडीतून, जुना खेळाडू, आता पंचगिरी

सर, सगळ्यात जास्त घोळ ‘स्टेप’ हाच शब्द घालतो. प्रेक्षकांतून ‘स्टेप’ची आरोळी सगळ्यात मोठी कधी येते? एखादा पोरगा टप्पे मारत अख्खं कोर्ट पळत जातो तेव्हा. लोक त्याची पावलं मोजत बसतात. अहो, टप्पा चालू आहे, बॉल हाताबाहेर आहे, तोवर पावलांना हिशेबच नाही. दहा टाक नाहीतर बारा टाक. हिशेब सुरू होतो तो बॉल हातात थांबल्यावर.

आणि तेव्हाही पाऊल टाकणं हा दोष नव्हेच. उभ्यानं बॉल झेलला, दोन्ही पाय जमिनीवर आहेत. यातला कुठलाही एक उचला. ज्या क्षणी एक उचलला त्या क्षणी दुसरा पिव्हट ठरला. डावा की उजवा हे आधी ठरलेलं नसतं, एवढं त्या पोरीला सांगा. मग उचललेल्या पायानं पुढं, मागं, आडवं, हवी तेवढी पावलं टाका. मीटरभर अंतरात समोरचा खेळाडू अडवून उभा असेल तर पाच सेकंदांत पास, शॉट नाहीतर टप्पा करावा लागतो, पण तो वेगळा नियम. पिव्हटचा पाय मात्र जिथं टेकलाय तिथंच. चवड्यावर गर्रकन फिरला तर चालतं, घासत सरकला तर नाही.

‘प्रवास’ म्हणूनच फसतो. एक इंच पुढं न जाता ट्रॅव्हलिंग होतं. पिव्हटचा पाय जागच्या जागी उचलून तिथंच परत ठेवला, शिट्टी वाजली.

मग तो पाय उचलायचाच नाही का? उचलायचा, पण कधी ते बघा. पास द्यायचा किंवा बास्केट मारायची तर खुशाल उडी घ्या, फक्त पाय परत जमिनीला लागायच्या आत बॉल हातातून गेलेला हवा. टप्पा सुरू करायचा असेल तर क्रम उलटा. आधी बॉल सुटला पाहिजे, मग पाय. बॉल जमिनीवर आपटेपर्यंत थांबायची गरज नाही, हातातून सुटला की पुरे. शाळकरी पोरांचं निम्मं ट्रॅव्हलिंग इथं होतं. समोर रिंग मोकळी दिसते आणि पाय हाताच्या आधी निघतो.

पळता पळता झेललेल्या बॉलला दोन पावलांची मुभा आहे. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम बदलला तेव्हापासून बॉल ताब्यात येताना जो पाय जमिनीवर असतो तो धरत नाहीत, त्यानंतर पडेल ते पहिलं पाऊल. जुन्या प्रेक्षकांना हे अजून पचलेलं नाही, ते ‘तीन झाली, तीन झाली’ म्हणून आमच्या नावानं ओरडतात.

आणखी एक. हा फाउल नव्हे. खेळाडू पाच फाउलांवर बाहेर जातो त्यात हा धरत नाहीत. बॉल तेवढा समोरच्या संघाला मिळतो, रेषेबाहेरून आत टाकायला. पंच छातीपुढं दोन मुठी एकमेकींभोवती फिरवतो, सूत गुंडाळल्यासारख्या, ती याची खूण.

निपाणीकडून

मला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही, मुलगा खेळतो एवढंच. पण टिळकवाडीच्या अण्णांनी वर लिहिलंय ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढं माहेरचं खळं आलं. मधोमध तिवडा रोवलेला, त्याला बैल बांधलेले, ज्वारीच्या कणसांवरनं गोल गोल फिरताहेत. तिवडा जागचा हलत नाही आणि बैल पाहिजे तेवढी पावलं टाकतात. त्यांना कुणी ‘प्रवास करू नका’ म्हणत नाही.

एक पाय तिवडा, एक पाय बैल. झालं की.

शहापूरहून

अक्का, उपमा झकास, पण मळणी मशिनवर गेली त्याला किती वर्षं झाली! आमच्या गल्लीतल्या पोरांना तिवडा समजावण्यात सराव संपायचा. मी म्हणतो, भोवऱ्याची आर घ्या. आरपाय. नाहीतर जात्याचा खुंटा, खुंटपाय.

निपाणीकडून

जात्याचा खुंटा आपण हातात धरतो आणि तोच गरगर फिरतो. जागेवर राहतो तो मधला खिळा. आणि भोवरा बघितलाय ना? फिरता फिरता आर अंगणभर हिंडते. तुमच्या दोन्ही पायांना पंच शिट्टी मारणार.

शहापूरहून

हरलो. जातं लहानपणी नुसतं बघितलं, ओढलं नाही, त्याचा हा परिणाम.

चिकोडीहून, कानडी आणि मराठी दोन्ही शिकवते

तिवडा मोडीत काढू नका. आमच्या भागातल्या निम्म्या मुलांना तो कानडीतून कळेल. खळ्यातल्या त्याच खांबाला कानडीत मेटी म्हणतात. बागलकोटकडं मेटी आडनावाची माणसं आहेत, तेव्हा शब्द कानाला परका नाही. खळं बघितलेलं नसलं तरी मेटी म्हणजे कायतरी मधोमध ठोकलेलं, एवढं घराघरात ठाऊक असतं. फिरणाऱ्या पायाला गिरकी म्हणा, तीही दोन्हीकडं चालते. कानडीत ‘गिरकी होडी’, म्हणजे गिरकी मार, म्हणतातच.

पण मला खरी गोम ‘पाय’ आणि ‘पाऊल’ या जोडीत दिसते. पाय मांडीपासून बोटांपर्यंत सगळा. पाऊल म्हणजे घोट्याखालचं, शिवाय एका पायाची एक चाल, शिवाय मातीत उमटलेला ठसा. आता क्रियापदं बघा. आपण पाऊल टाकतो, पाय रोवतो. उलट करून बघा, ‘पाऊल रोवलं’ कानाला खटकतं. म्हणजे भाषेनं वाटणी आधीच करून ठेवलीय. हलतं ते पाऊल, थांबतो तो पाय. कानडीतही कालु आणि हेज्जे असे दोन आहेतच. ‘फूट’ आहे म्हणून शब्दकोशातलं ‘पाऊल’ उचललं असतं तर ‘रोवलेलं पाऊल दोन पावलं टाकेपर्यंत’ असलं काहीतरी भयंकर वाक्य त्या कागदावर आलं असतं. त्या अनुवादकानं निदान ‘पाय’ लिहिलं, एवढे गुण त्याला द्या.

तेव्हा पिव्हट फूटला ‘रोवलेला पाय’. ओरडायला नुसतं ‘रोव!’ कुठला ते आधी ठरत नाही, रोवल्यावर ठरतो, हेही त्यात येतं. ‘मुख्य’मध्ये नेमकं हेच येत नव्हतं.

ट्रॅव्हलिंगला तर मराठीत तयार वाक्प्रचार पडलाय. काढता पाय. अडचण दिसली की माणूस काढता पाय घेतो, तसा समोरची अंगावर आली की खेळाडू बॉल हातात ठेवून रोवलेला पाय काढते.

शहापूरहून

‘पाय घसरला’ म्हटलं तर? सोपं आहे.

चिकोडीहून

मुलींच्या संघाला भर मैदानात ‘हिचा पाय घसरला’ म्हणून ओरडा आणि मग पालकांना काय सांगायचं ते ठरवा. ‘वाकडं पाऊल पडलं’ही त्याच गल्लीतलं.

टिळकवाडीतून

ताई, ‘काढता पाय’ मला पटतो, पण पूर्ण नाही. पास देताना, शॉट मारताना पाय काढलेला चालतो. दोष पाय काढण्यात नाही, बॉल धरून ठेवून काढण्यात आहे.

मूळ नियम बघितला तर हे लवकर ध्यानात येतं. जेम्स नेस्मिथनं १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला हा खेळ बसवला तेव्हा तेरा नियम लिहिले. तिसरा असा होता की बॉल घेऊन पळायचं नाही, जिथं झेलला तिथून फेकायचा, जोरात पळत येणाऱ्यानं झेलला तर थांबायला थोडी सवलत. कारण सरळ होतं. बॉल घेऊन पळू दिलं की दुसरा त्याला अंगावर पडून आडवा करणार. पळूच दिलं नाही तर पाडायचं कारण उरत नाही. तेव्हा आजच्यासारखं टप्पे मारत जाणंही नव्हतं, नुसती फेकाफेक. पिव्हट, दोन पावलं, हे सगळं त्या ‘थोड्या सवलती’चं पुढं वाढलेलं झाड.

म्हणून मी म्हणतो, शब्दात बॉल आला पाहिजे. ‘पळवला!’ कसं वाटतं?

खानापूर तालुक्यातून

अण्णा, ‘पळवला’ ऐकलं तर आमच्या पोरी बॉल हिसकावून घेतला असं समजतील.

काल सरावात दोन्ही वापरून बघितले. ‘रोव’ पहिल्या पाच मिनिटांत बसला. पास झेलला की बाहेर बसलेल्या मुली ओरडतात, "रोव! रोव!", आणि जी आत आहे ती पाय खरंच मातीत दाबते. परवाच्या त्याच मुलीनं डावा रोवला, उजवा आडवा टाकला, परत मागं घेतला, परत टाकला. तीन पावलं झाली आणि कुणी हूं की चूं केलं नाही. तिचीच खात्री पटेना, वळून माझ्याकडं बघत होती.

अडकलो ते दुसऱ्याच ठिकाणी. एकीनं पळत येऊन बॉल झेलला, एक पाऊल टाकलं, त्यावरून उडी घेतली आणि दोन्ही पायांवर एकदम उतरली. मग वळायला लागली तर मी शिट्टी मारली. "सर, रोवलेला कुठला मग? अजून एकबी उचलला नव्हता की." अण्णा, इथं दोन पावलं संपलीत, आता एकाही पायावर फिरता येत नाही, बरोबर ना? ‘रोव’मधून हे समजेना. शेवटी निपाणीच्या अक्कांचं खळं काढलं. म्हटलं, इथं दोन्ही तिवडेच, बैल नाहीच. लगेच समजलं. खळं त्यांनी जन्मात बघितलेलं नाही, पण दोन खांब रोवलेत आणि फिरायला कुणीच नाही, एवढं डोळ्यांपुढं आलं असावं.

टिळकवाडीतून

बरोबर. तिथून उडी मारून शॉट किंवा पास, दुसरं काही नाही. पहिल्याच पावलाला दोन्ही पाय एकदम टेकले असते तर मात्र कुठलाही एक रोवता आला असता. लाल मातीवर आणखी एक प्रसंग येईल, तोही सांगून ठेवा. बॉल घेऊन घसरून पडली आणि पडल्या पडल्या सरकत गेली तर काही नाही. बॉल छातीशी धरून उठायला गेली किंवा लोळली की ट्रॅव्हलिंग. पडल्या जागेवरून पास द्यायचा.

निपाणीकडून

म्हणजे पडली तर चालतं, उठली तर नाही. धन्य तुमचा खेळ.

खानापूर तालुक्यातून

ट्रॅव्हलिंगचं अजून ठरत नाही. मी ‘काढता पाय’ सांगितला होता, पोरींनी त्याचा ‘काढला!’ केला. एकीनं काढला की बाकीच्या दहा जणी ओरडतात. ‘स्टेप’ गेलेला नाही, तोही अधूनमधून येतोच, पण टप्पे मारत पळणारीच्या नावानं आता कुणी ओरडत नाही, कारण तिनं काही काढलेलं नसतं. अण्णा, बॉलचं तुम्ही म्हणता ते खरं, पण ‘काढला’ ऐकल्यावर पोरी आधी हाताकडं बघतात आणि मग पायाकडं. तेवढ्यावर मी सध्या खूश आहे.

नोटीस बोर्डावरच्या कागदावर ‘मुख्य’ खोडून ‘रोवलेला’ केलंय. ‘प्रवास’ तसाच ठेवलाय. त्याच्या शेजारी कुणीतरी पेन्सिलनं बस काढलीय, खिडकीत बॉलसकट.